नॅनोफिल्ट्रेशन मेम्ब्रेन सुधारायचंय? आधी त्यावर काय बसलंय ते बघा

रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका प्लांटवर मी पाण्याचं काम बघते, रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने येते, आणि दर दोनतीन महिन्यांनी ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच की एनएफचं, म्हणजे नॅनोफिल्ट्रेशनचं, पाणी कमी झालंय, चांगलं मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) कुठलं ते सांगा. मी आधी एवढंच विचारते, जुनं उघडून बघितलं का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं. दुसरीकडे इंजिनीअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, त्यांना लॅबमध्ये नवीन कोटिंगवालं मेम्ब्रेन बनवायचं असतं पण ते कुठल्या पाण्यासाठी हे विचारलं की गप्प होतात. दोघांसाठी एकत्रच लिहितेय कारण दोघांचं अडतं एकाच जागी, मेम्ब्रेनला त्रास नक्की कशाचा होतोय हे माहीत नसतं आणि उपाय आधी सुरू होतो.

थोडं बेसिक, ज्यांना माहितीय त्यांनी पुढे जा. एनएफ म्हणजे यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, जास्त मोठ्या भोकांचं) आणि आरओ (रिव्हर्स ऑस्मॉसिस, सगळ्यात बारीक) यांच्या मधलं. भोकं साधारण १ नॅनोमीटरच्या आसपास, साधारण २०० ते १००० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठे रेणू अडतात, प्रेशर ५ ते १५ बार पुरतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट, रंग, कीटकनाशकं हे चांगलं अडतं, पण साधं मीठ बरंचसं आरपार जातं. म्हणूनच खाडीजवळच्या बोअरला, जिथे पाणी चाखलं तरी खारट लागतं, तिथे एनएफ लावून टीडीएस (विरघळलेले क्षार) उतरत नाही अशी तक्रार करू नका, ते काम आरओचं आहे. उलट घोडबंदरच्या बाजूला किंवा आत डोंगराकडे बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी, ज्याने बादलीला पांढरी खळ बसते आणि साबणाला फेस येत नाही, तिथे एनएफ अगदी फिट बसतं, कमी प्रेशरमध्ये हार्डनेस जातो आणि विजेचं बिलही आरओपेक्षा कमी येतं. पॅरिसजवळ मेरी-सुर-ओआझला १९९९ पासून नदीचं पाणी एनएफमधून काढून पिण्यासाठी देतात, दिवसाला १,४०,००० घनमीटर, आणि तिथे मुख्य कारण हार्डनेस नव्हतं, शेतातून येणारी कीटकनाशकं होती.

मेम्ब्रेन तीन थरांचं असतं. खाली पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, त्यावर पॉलिसल्फोन, आणि सगळ्यात वर पॉलिअमाइडची कातडी जी मायक्रोनच्याही एक दशांशाच्या आसपास असते. सगळं काम ती कातडी करते आणि सगळे मार तीच खाते. शिवाय साध्या पाण्याच्या पीएचला तिच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, म्हणून सल्फेटसारखे दोन चार्जवाले आयन नुसते भोकात मावत नाहीत म्हणून नाही तर ढकलले जातात म्हणूनही अडतात. हा चार्ज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिलं काम, लॉगबुक सरळ करा

पाणी कमी झालं म्हणजे मेम्ब्रेन खराब झालं असं नसतं. पाण्याचं तापमान १ डिग्रीने बदललं की फ्लो साधारण ३ टक्के बदलतो. आमच्या सम्पमध्ये मे महिन्यात पाणी ३२ डिग्रीला असतं आणि जानेवारीत २४ ला, म्हणजे मेमध्ये तासाला १० घनमीटर देणारं तेच मेम्ब्रेन त्याच प्रेशरला जानेवारीत साधारण ८ देणार, त्यात त्याची काही चूक नाही. पण होतं काय, ऑपरेटर थंडीत फ्लो पडलेला बघतो, पंपाचा व्हॉल्व्ह अजून उघडतो, प्रेशर चढतं, घाण अजून दाबून बसते, आणि मार्चपर्यंत खरंच खराब होतं.

म्हणून रोज एका ठरलेल्या वेळी लिहा : फीडचं (आत जाणाऱ्या पाण्याचं) तापमान, फीड प्रेशर, रिजेक्टचं (मागे उरलेल्या घट्ट पाण्याचं) प्रेशर, परमिएटचा (गाळून आलेल्या पाण्याचा) फ्लो, रिजेक्ट फ्लो, तिन्हीकडची कंडक्टिव्हिटी, आणि एनएफला नुसती कंडक्टिव्हिटी पुरत नाही म्हणून परमिएटचा हार्डनेसही. मग फ्लो २५ डिग्रीला करेक्ट करून एका साध्या एक्सेलमध्ये टाका. करेक्ट केलेला फ्लो सुरुवातीपेक्षा १० ते १५ टक्के पडला, किंवा फीड आणि रिजेक्टमधल्या प्रेशरचा फरक १५ टक्के वाढला, की साफ करा. ३० टक्के पडेपर्यंत थांबलात तर मग ती घाण पूर्ण निघत नाही, हे मी स्वतः दोनदा बघितलंय आणि दोन्ही वेळा पूर्ण सेट बदलायला लागला.

उघडून बघा

आता महत्त्वाचं. काढलेल्या मेम्ब्रेनपैकी एक तरी कापा, शक्य असेल तर दोन, हाऊसिंगमधलं (मेम्ब्रेन ओळीने बसवतात ती नळी) सगळ्यात पुढचं आणि सगळ्यात मागचं. बाहेरचं फायबरचं कवच ग्राइंडरने लांबीला चिरायचं (गॉगल आणि मास्क घालूनच, ती धूळ फार वाईट), मग एंड कॅप कापून आत गुंडाळलेली मेम्ब्रेनची पानं उलगडायची. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही शेडच्या मागे ताडपत्रीवर एक उलगडलं होतं. पुढचं होतं ते. उघडताक्षणी तळ्याच्या गाळासारखा वास आला, आणि पानांवर चहाच्या रंगाचा थर, बोटाने ओढला की शेंबडासारखा लांबत होता. मेम्ब्रेनवर तर होताच पण जाळीच्या, म्हणजे फीड स्पेसरच्या प्रत्येक चौकोनात अडकून बसलेला. तो सगळा जिवाणूंचा थर. त्याच हाऊसिंगमधलं शेवटचं उघडलं तर त्यावर वास नाही, चिकटपणा नाही, हात फिरवला की बारीक रव्यासारखं खरखरीत. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसलं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फसफसलं नसतं तर सल्फेट, फॉस्फेट किंवा सिलिका असा संशय घ्यायचा.

एकाच हाऊसिंगमध्ये दोन वेगळे रोग. पुढच्या टोकाला जिवाणू आणि गाळ बसतो कारण पाणी आधी तिथे येतं, मागच्या टोकाला क्षार बसतात कारण तिथपर्यंत पाणी घट्ट झालेलं असतं. आता सांगा, यावर "चांगलं मेम्ब्रेन" हे उत्तर कसं होणार.

पाणी सुधारा

एसडीआय टेस्ट (सिल्ट डेन्सिटी इंडेक्स, पाण्यातला गाळ मेम्ब्रेन किती बुजवेल याचा अंदाज) करा, किट फार महाग नाही. ४७ मिमीचा ०.४५ मायक्रोनचा कागद, ३० पीएसआय प्रेशर, आणि ५०० मिली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं, पाणी तसंच चालू ठेवून १५ मिनिटांनी परत ५०० मिली मोजायचं. पहिल्याला ३० सेकंद आणि नंतरच्याला ६० लागले तर ३० भागिले ६० म्हणजे अर्धा, एकातून वजा केला अर्धा उरला, म्हणजे ५० टक्के, त्याला १५ ने भागा, ३.३ आला. ५ च्या वर असेल तर मेम्ब्रेनला पाणी देऊच नका, ३ च्या खाली असेल तर निवांत. आणि तो कागद फेकू नका, तारीख घालून वहीत चिकटवा. जूनच्या शेवटी आमचे कागद लालसर मातकट होतात, टँकरचं पाणी मिसळलं की कधी काळपट होतात, त्या रंगावरून बरंच कळतं. टँकरवाल्यांकडून पाणी घेणाऱ्यांनी तर प्रत्येक टँकरचा हार्डनेस बघावा कारण सकाळचा टँकर एका विहिरीचा आणि दुपारचा भलत्याच बोअरचा असू शकतो, आणि तुमचा अँटीस्कॅलंटचा (क्षार बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोस मात्र एकच सेट केलेला असतो.

जे सांडपाण्यापासून शुद्ध केलेलं पाणी वापरतात त्यांनी फॉस्फेट तपासावंच. आपल्याकडे नवी मुंबईत हे पाणी आता कारखान्यांना मिळतं आणि चांगली गोष्ट आहे, मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी तेवढंच वाचतं, पण त्यात फॉस्फेट असतं आणि कॅल्शियमबरोबर ते मागच्या मेम्ब्रेनवर बसतं. अँटीस्कॅलंट घेताना सप्लायरला पूर्ण वॉटर ॲनालिसिस द्या, नुसता टीडीएस आणि हार्डनेस सांगून घेतलेला अँटीस्कॅलंट म्हणजे तब्येत न दाखवता घेतलेलं औषध.

क्लोरीनबद्दल जरा सविस्तर, कारण इथे माझं स्वतःचं नुकसान झालंय. जिवाणू मारायला क्लोरीन लागतं पण पॉलिअमाइडला ते चालत नाही, बहुतेक कंपन्या ०.१ पीपीएमच्या खाली ठेवा म्हणतात. म्हणून मेम्ब्रेनच्या आधी एसएमबीएस (सोडियम मेटाबायसल्फाइट) टाकून क्लोरीन मारतात, हिशोबाने १ मिलिग्रॅम क्लोरीनला १.३४ मिलिग्रॅम लागतं, प्रत्यक्षात दुप्पट तरी धरा. एका शनिवारी आमच्या एसएमबीएसच्या डोसिंग पंपात हवा धरली. पंप टकटक वाजत होता, दिवा लागलेला, पण पाइपमध्ये काही जात नव्हतं. सोमवारी सकाळी ऑपरेटर आनंदाने म्हणाला, "मॅडम, आज फ्लो मस्त आलाय, प्रेशर पण कमी लागतंय." परमिएटचा हार्डनेस काढला तर दुप्पट झाला होता. कातडी जळाली की असंच होतं, फ्लो वाढतो आणि अडवणं कमी होतं, आणि पाण्यात लोखंड असेल तर अजून लवकर जळते. फ्लो अचानक वाढला तर तो वाईट निरोप आहे असंच धरा. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या, एसएमबीएसच्या नंतर ओआरपी मीटर (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते कळवणारा) बसवून तो हाय प्रेशर पंपाच्या ट्रिपला जोडला, आणि शिफ्टला एकदा क्लोरीनची टेस्ट हाताने करायचीच असा नियम केला. मीटर आहे म्हणून हाताची टेस्ट बंद करू नका, ओआरपीच्या काडीवर पण थर बसतो.

प्लांट बंद ठेवायचा असेल तर परमिएटने फ्लश करून बंद करा, आपल्याकडच्या उकाड्यात रविवारचं उभं पाणी सोमवारी चिकट झालेलं असतं. आठवड्याच्या वर बंद राहणार असेल तर १ टक्का एसएमबीएसमध्ये ठेवा आणि त्याचा पीएच अधूनमधून बघा, ३ च्या खाली गेला की बदला.

धुवायची पद्धत

सीआयपीमध्ये (मेम्ब्रेन न काढता जागीच रसायनाने धुणं) सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आधी ॲसिड. ॲसिडने चिकट थर अजून घट्ट होतो, सिलिकाचंही तसंच. म्हणून आधी कॉस्टिक सोडा, मग ॲसिड. नुसता कार्बोनेट किंवा लोखंड आहे हे कापून बघून पक्कं माहीत असेल तरच ॲसिड आधी.

टाकीत परमिएट घ्या, नळाचं किंवा बोअरचं नको, हार्ड पाण्यात कॉस्टिक टाकलं की त्याच टाकीत खळ तयार होते आणि तुम्ही तीच मेम्ब्रेनवर फिरवता. कॉस्टिक ०.१ टक्का, त्यात सोडियम लॉरिल सल्फेट ०.०२५ टक्के, पीएच ११ ते १२ च्या दरम्यान, पण तुमच्या मेम्ब्रेनच्या डेटाशीटवर लिमिट काय ते आधी वाचा कारण एनएफची लिमिटं सगळ्यांची सारखी नसतात. तापमान ३० ते ३५, त्याच्या वर नको. आधी हळू फिरवा आणि पहिलं काळं पाणी गटाराच्या टाकीत सोडून द्या, परत घेऊ नका. मग पंप बंद करून तासभर भिजत ठेवा. जुना चिकट थर असेल तर मी रात्रभर ठेवते, अधूनमधून थोडंसं फिरवत. मग जोरात फिरवा, ८ इंची हाऊसिंगला तासाला ७ ते ९ घनमीटर, ४ इंचीला साधारण २, अर्धा ते एक तास. प्रेशर मात्र कमी ठेवायचं, परमिएट जवळजवळ निघताच कामा नये, नाहीतर सुटलेली घाण परत दाबून बसवाल. मग पूर्ण धुऊन, पीएच न्यूट्रल झाल्यावर सायट्रिक ॲसिड २ टक्के. या दोन्हींच्या मधे धुणं टाळू नका, आणि एसएमबीएसच्या पाण्यात ॲसिड कधीच टाकू नका, सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बंद शेडमध्ये श्वास कोंडतो.

घाण फार लवकर परत बसत असेल तर सेटिंग बघा. पाणी जास्त मिळावं म्हणून लोक फ्लक्स (मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून तासाला निघणारं पाणी) वाढवतात, पण नदी, तलाव किंवा रिसायकलच्या पाण्याला प्रति चौरस मीटर तासाला १५ ते २५ लिटरच्या वर ओढू नये असं माझं मत आहे. पुढचं मेम्ब्रेन घेताना २८ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) स्पेसरऐवजी ३४ मिलचा मागा, जाळी जाड असली की गाळ कमी अडकतो आणि सीआयपीत लवकर निघतो. खरं सांगते, एवढं केलंत तर दहातल्या बऱ्याच प्लांटना नवीन काही घ्यावं लागणार नाही.

आता लॅबवाल्यांसाठी

एनएफची कातडी बनते पाइपराझिन आणि ट्रायमेसॉइल क्लोराइड यांच्या रिॲक्शनने, एक पाण्यात आणि दुसरं हेक्झेनमध्ये. ही जोडी ७० च्या दशकाच्या शेवटी जॉन कॅडॉटी यांनी अमेरिकेत शोधली आणि आजही बहुतेक एनएफ याच घराण्यातलं आहे. साधी रेसिपी : पॉलिसल्फोनचा सपोर्ट फ्रेममध्ये पक्का बसवा, १ टक्का पाइपराझिनचं पाणी त्यावर २ मिनिटं, ओतून टाका, रबरी रोलरने पुसा, मग हेक्झेनमधलं ०.१ टक्का ट्रायमेसॉइल क्लोराइड ३० ते ६० सेकंद, ओता, हेक्झेनने धुवा, ओव्हनमध्ये ६० डिग्रीला ५-१० मिनिटं आणि लगेच पाण्यात. हेक्झेन पेट घेतं आणि नसांना वाईट, त्यामुळे सगळं फ्यूम हूडमध्येच, आणि ओव्हनमध्ये टाकण्याआधी हूडमध्येच ते पूर्ण उडू द्या.

रोलरचा टप्पा सगळे घाईत करतात आणि तिथेच बिघडतं. तिरकं धरून दिव्याच्या उजेडात बघा, पाण्याचा एक चकचकीत थेंब जरी राहिला तरी तिथे कातडी नीट बनत नाही आणि पुढे भोक पडतं. पूर्ण मॅट दिसायला हवं पण वाळून पांढरं पडलेलं नको. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत हे वाळायला जास्त वेळ लागतो, डिसेंबरची वेळ वापरू नका. आणि ट्रायमेसॉइल क्लोराइडची बाटली, ती ओलावा ओढून खराब होते, झाकण उघडं ठेवून वजन करत बसलात तर पुढच्या आठवड्यात त्याच बाटलीने वेगळं मेम्ब्रेन मिळेल. छोट्या छोट्या बाटल्यांत भरून सिलिका जेलसकट ठेवा आणि सोल्युशन त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी संपवा. एका मुलीचे तीन आठवडे पावसाळ्यात असेच गेले, ती बिचारी पाइपराझिन बदलत राहिली आणि दोष बाटलीत होता.

सुधारणा कुठली करायची? माझ्या पसंतीने सांगते. पाणी जास्त हवं असेल तर पाइपराझिनच्या पाण्यात थोडा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) घालून बघा. त्याने पाइपराझिनची हेक्झेनकडची धाव मंदावते आणि कातडी सपाट न होता बारीक फुगवट्यांची किंवा नळ्यांची नक्षी घेऊन बनते, म्हणजे पाण्याला जास्त जागा मिळते. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ मध्ये हे दाखवलं, ॲलन ट्युरिंगच्या १९५२ च्या नक्षीच्या गणितावरून. पीव्हीए स्वस्त आहे, कुठल्याही लॅबमध्ये असतो. ०.१ टक्क्यापासून सुरू करा आणि चारपाच पायऱ्या करा.

घाण कमी बसावी असं हवं असेल तर वरून पाण्याला ओढणारा थर द्या. पॉलिडोपामिनची पद्धत २००७ पासून माहीत आहे, लिटरला २ ग्रॅम डोपामिन, ट्रिस बफर, पीएच ८.५, हवा लागू द्यायची, पाणी तपकिरी होत जातं. पण थर जाड झाला की फ्लक्स पडतो, त्यामुळे मिनिटं मोजून करा, तासावर सोडून जाऊ नका. टॅनिक ॲसिड अजून स्वस्त. आणि तो निगेटिव्ह चार्ज आठवतोय ना, तुमच्या पाण्यात निगेटिव्ह चार्जची सेंद्रिय घाण असेल तर पॉझिटिव्ह कोटिंग करून तिला स्वतःहून आमंत्रण देऊ नका, मॅग्नेशियम चांगलं अडतंय असा आकडा लॅबमध्ये दिसेल आणि प्लांटवर आठवड्यात बुजेल. नॅनोपार्टिकल घालण्याचं मुलांना फार आकर्षण असतं, मी नाही म्हणत नाही, पण ते एकत्र गोळा होतात आणि गोळा झाले की तिथे भोक, शिवाय पाण्यात सुटतात का तेही दाखवावं लागतं.

टेस्टिंगला क्रॉसफ्लो सेल (ज्यात पाणी मेम्ब्रेनवरून आडवं वाहतं) घ्या. आधी शुद्ध पाण्यावर प्रेशरखाली काही तास चालवून मेम्ब्रेन दबून स्थिर होऊ द्या, पहिल्या अर्ध्या तासाचा फ्लक्स रिपोर्टमध्ये लिहू नका. हिशोब असा, ४२ चौरस सेंमीच्या सेलमधून ५ बारला अर्ध्या तासात १०५ मिली आलं, म्हणजे तासाला ०.२१ लिटर, भागिले ०.००४२ चौरस मीटर, ५० आलं, भागिले ५ बार, म्हणजे दर बारला चौरस मीटरमागे तासाला १० लिटर. मग २००० पीपीएम मॅग्नेशियम सल्फेट, मग सोडियम क्लोराइड, आणि भोकं तपासायला काँगो रेड, परमिएटमध्ये गुलाबी झाक दिसली तर तो तुकडा बाद. प्रत्येक रेसिपीचे तीन तुकडे तरी, वेगवेगळ्या दिवशी केलेले, आणि एका वेळी एकच गोष्ट बदललेली.

आणि मग प्लांटवर या. तीस लिटरचा कॅन घेऊन या, मी एसडीआयच्या नळावरून खरं फीड भरून देते, एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैमध्ये. ते पाणी तुमच्या सेलमध्ये २४ तास फिरवा, साधं मेम्ब्रेन एका सेलमध्ये आणि तुमचं शेजारच्या सेलमध्ये, दोन्हीचा सुरुवातीचा फ्लक्स सारखा ठेवून, मग दोन्ही कॉस्टिकने धुऊन परत किती आलं ते मोजा.